ट्रॉलीला वायरलेस रिव्हर्स कॅमेरा: घ्यावा का, आणि घेतला तर कसा बसवावा?

वणीकर

कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात, बाजार समितीत, वजनकाट्यावर ट्रॉली मागं घ्यावीच लागते. फाळक्याच्या (ट्रॉलीच्या उघडणाऱ्या पत्र्याच्या) वर दोन-तीन फूट कापूस चढवून ताडपत्री आवळली की आरशात ताडपत्रीशिवाय काही दिसत नाही. मागं मजूर बाई उभी आहे, पोर खेळतंय की कुणाची दुचाकी लावलेली आहे, ट्रॅक्टरवर बसलेल्याला कळायला मार्ग नाही. म्हणून माझं मत: ट्रॉलीला मागचा कॅमेरा हवाच, आणि तो वायरलेस हवा.

वायरलेसच का? कारण ट्रॉली एका ट्रॅक्टरची नसते. आज घरच्या ट्रॅक्टरला, उद्या भाड्याच्या, मधले आठ दिवस खळ्यात सोडलेली. शिवाय हुकाजवळची तार वळणावर ताणली जाते, पांदणीत चिखलात घासते. ट्रॉली उभी राहिली की उंदीर कुरतडतात ते वेगळंच.

घेताना एवढं बघा. डिजिटल आणि पेअरिंगचाच (ज्यात पडदा फक्त आपल्याच कॅमेऱ्याशी जोडला जातो असा) सेट घ्या. जुने ॲनालॉग सेट स्वस्त मिळतात, पण जिनिंगच्या रांगेत शेजारच्या ट्रॅक्टरवर तसाच सेट असला तर त्याच्या मागचं चित्र तुमच्या पडद्यावर येऊ शकतं. यासारखा धोका नाही, कारण तुम्ही मोकळी जागा समजून गाडी मागं घ्याल. मोबाईलवर चित्र दाखवणारे वायफाय कॅमेरेही टाळा. त्यांचं चित्र मागं पडतं. ताशी ३ किलोमीटर वेगानं मागं येणारी ट्रॉली सेकंदाला ८३ सेंटिमीटर सरकते. चित्र अर्धा सेकंद उशिरा आलं तर ट्रॉली पडद्यावर दिसते त्यापेक्षा साधारण ४० सेंटिमीटर आणखी मागं गेलेली असते.

तारजोड

दादा, "वायरलेस" या शब्दानंच घोळ होतो. बिनतारी जातं ते फक्त चित्र. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट लागतातच, आणि ते ट्रॅक्टरवरून ट्रॉलीच्या दिव्यांना जोडणाऱ्या सात पिनच्या प्लगमधूनच येणार. म्हणजे हुकाजवळची तार, चिखल, उंदीर, सगळं होतं तिथंच राहतं. मग चित्राची तारही सोबत न्यायला काय हरकत? चार पिनचा चुडीवाला गोल प्लग, त्याला रबरी टोपी आणि हुकाजवळ स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली केबल. सेट वायरलेसपेक्षा स्वस्त पडतो, चित्र लगेच येतं, आणि काही बिघडलं तर टेस्ट लॅम्प (तारेत पुरवठा आहे का ते दाखवणारा दिवा) नि मीटर घेऊन कुठं तुटलं ते सापडतं. वायरलेसमध्ये चित्र गेलं की कॅमेरा, ॲन्टेना, पेअरिंग की पुरवठा, हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

रेंजचंही तेच. डब्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं ते उघड्या मैदानातलं. इथं मध्ये पत्र्याची आख्खी ट्रॉली आहे. हे सेट ज्यावर चालतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पत्र्यातून जात नाहीत आणि ओल्या मालात जिरतात. कोरडा कापूस फारसा अडवत नाही, पण हिरवा चारा किंवा पावसानं भिजलेलं सोयाबीनचं कुटार भरा आणि मग चित्र बघा.

कास्तकार अकोट

दोघंही कॅमेऱ्याचंच सांगून राहिले भाऊ. गावातल्या ट्रॉल्या जाऊन पाहा. निम्म्यांले मागचा लाल दिवा नाई, रिफ्लेक्टर असन तर चिखलानं झाकला. रात्री रस्त्यात उभी ट्रॉली मागच्याले दिसत नाई, अन् मोटरसायकलवाला येऊन धडकते. त्यात माणूस जाते. कॅमेरा तुमाले मागचं दाखवते, मागच्याले तुमची ट्रॉली दाखवत नाई. पयले दोन लाल दिवे, इंडिकेटर, मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी. मंग मागं घेतानी वाजणारा बजर. त्याच्या आवाजानं मागचं पोर बाजूले तरी होते.

अन् मागं घेतानी एक माणूस खाली उतरवा. ट्रॉली मुडपते ते कॅमेऱ्यात दिसतच नाई. ट्रॅक्टरचं मोठं चाक ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्याले जाऊन भिडते, अन् तुमची नजर पडद्यावर! चार चाकी ट्रॉली असन तर पुढचा आस वेगळा फिरते, ट्रॉली वेगळी. तिले मागं घेणं नुसत्या पडद्यावर होत नाई.

वणीकर

कास्तकार भाऊंचं दिव्यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दिवे नसतील तर कॅमेऱ्याचे पैसे आधी दिव्यांत घाला. आणि पडद्याकडे बघत स्टिअरिंग फिरवायचंच नाही. आधी हुकाकडे बघून ट्रॉली सरळ करायची, मग शेवटच्या तीन-चार मीटरला पडदा.

पण तारजोड म्हणतात ते अर्धंच खरं. पुरवठ्याची तार आणि चित्राची तार यांत फरक आहे. पुरवठ्याची तार ढिली झाली, पुन्हा नीट बसली, तर कॅमेरा लगेच चालू होतो. चित्राच्या तारेच्या सांध्यात पाणी शिरलं की चित्र पट्ट्यापट्ट्यांचं होतं आणि तसंच राहतं.

आता पुरवठा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरला रिव्हर्सचा दिवाच नसतो, त्यामुळे कारमध्ये करतात तसं रिव्हर्स लाईनवरून घेता येत नाही. पार्किंगच्या दिव्यावरून घेतलं तर दिवसा दिवे लावून ठेवावे लागतात. सात पिनच्या प्रमाण जोडणीत १ आणि ४ इंडिकेटर, ३ अर्थ (करंट परत जाण्याची वाट), ५ आणि ७ मागचे लाल दिवे, ६ ब्रेक. २ नंबरची पिन धुक्याच्या दिव्याची. तो आपल्या ट्रॉलीवर नसतो, म्हणून ती पिन बहुधा मोकळी असते. किल्लीनंतरच्या लाईनवरून २ अँपिअरच्या फ्यूजमधून त्या पिनला पुरवठा द्या. मात्र नंबरावर विसंबू नका. गावातल्या जोडण्या ज्याच्या त्याच्या हिशोबानं केलेल्या असतात, टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक पिन तपासा.

तारजोड

२ नंबरची पिन चांगली सुचवली. पण खरा बिघाड अर्थमध्ये असतो, ते आणखी स्पष्ट लिहायला हवं.

बहुतेक ट्रॉल्यांत अर्थची वेगळी तारच नसते, हुकाच्या लोखंडातूनच अर्थ परत येतो. हुक गंजलेला, वर ग्रीस. समजा तिथं एक ओहम अडथळा आहे. २१ वॅटचे दोन ब्रेक दिवे लागले की साधारण साडेतीन अँपिअर वाहतो, म्हणजे हुकातच साडेतीन व्होल्ट खाल्ले जातात. कॅमेऱ्याच्या वाट्याला उरतात साडेआठ. ब्रेक दाबला की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लोक म्हणतात सेट खराब निघाला. सेट बदलून काही होत नाही. ३ नंबरच्या पिनवरून ट्रॉलीच्या चासीपर्यंत अर्थची स्वतंत्र तार ओढा, चासीचा रंग घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून बोल्टनं आवळा.

जाड तारेचा हट्ट नको. १ चौरस मिलिमीटर तांब्याची तार सहा मीटर जाऊन सहा मीटर परत आली तरी कॅमेऱ्याच्या ०.३ अँपिअरला त्यात ०.१ व्होल्टही जात नाही. जे जातं ते सांध्यात आणि प्लगमध्ये.

हिंगणघाटकर

एक मुद्दा तुम्ही दोघांनीही सोडला, आणि कापसाच्या ट्रॉलीत तोच आधी यायला हवा: आग. सुट्या कापसात पिळून टेप मारलेला सांधा ठिणगी टाकतो, आणि कापूस पेटला की आत धुमसत राहतो, बाहेरून लवकर कळत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीकडच्या टोकालाच हवा, ट्रॉलीवर नाही. तार पेटीच्या आतून कधीच नेऊ नका. खालून, चासीच्या बाजूनं, नळीत घालून न्या. सांधे डाग देऊन, हीट-श्रिंक नळी चढवूनच.

दुसरं, वेल्डिंग. ट्रॉलीचा फाळका किंवा बिजागरी वेल्ड करायला नेली की आधी सात पिनचा प्लग काढा आणि कॅमेऱ्याचाही प्लग सोडा. वेल्डिंगचा करंट अर्थमधून फिरतो आणि कॅमेरा मरतो.

बॅटरी आणि सोलरचे चुंबकी कॅमेरे "तारच नको" म्हणून खपतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हातलं लोखंड तर त्याहून कितीतरी तापतं. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. अशा लोखंडाला चिकटवून तिला उन्हातच चार्ज करायची म्हणजे तिचं आयुष्य संपवणं आहे. आणि पांदणीच्या हादऱ्यांत चुंबक सरकतो.

वणीकर

आगीचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. आभार.

बसवण्याची जागा: फाळक्यावर नको, तो उघडताना आपटतो. मागच्या कोपऱ्याच्या उभ्या खांबाला ४० मिलिमीटरचा अँगल बोल्टनं बसवून कॅमेरा साधारण दोन मीटर उंचीवर, खाली झुकवलेला. वर छोटी पत्र्याची टोपी, म्हणजे ताडपत्रीचं टोक भिंगावर येत नाही. ॲन्टेना उभी आणि पत्र्याच्या कडेच्या वर. तारजोड यांच्या रेंजच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच. ॲन्टेनासमोर पत्रा आला नाही तर सात-आठ मीटर अंतर डिजिटल सेटला जड नाही. ओल्या चाऱ्याचं मान्य करतो, तिथं चित्र अडखळतं. चित्र थिजलं की ट्रॅक्टर थांबवायचा, हा नियम पाळा.

हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर पेटी उचलली की मागचं टोक खाली येतं. तार बिजागरीजवळ हातभर सैल ठेवा आणि कॅमेरा जमिनीला लागत नाही ना, हे रिकाम्या ट्रॉलीवर एकदा उचलून पाहा.

आयपी ६९के (जोराच्या फवाऱ्यातही आत पाणी न शिरण्याचा दर्जा) लिहिलेला कॅमेरा मिळाला तर तोच घ्या, कारण वॉशिंग सेंटरवर जेट थेट त्यावरच मारतात.

कास्तकार अकोट

रात्रीचं सांगा. धूळ उडाली का पडदा पांढरा होते ना?

तारजोड

होतो. कॅमेऱ्याभोवतीच्या इन्फ्रारेड दिव्यांचा (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश धुळीच्या कणांवरून परत फिरतो, धुक्यात अप्पर लावल्यासारखं. त्यापेक्षा इन्फ्रारेड बंद करता येणारा कॅमेरा घ्या आणि मागं खाली तोंड करून एक छोटा पांढरा एलईडी वेगळ्या बटणावर लावा. तो फक्त मागं घेताना लावायचा, रस्त्यावर चालताना नाही, मागच्याचे डोळे दिपतात.

पडद्यावरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा कारच्या हिशोबाच्या असतात, त्यांवर विसंबू नका. भिंग रुंद असलं की वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. ट्रॉली सपाट जागी उभी करा, फाळक्यापासून १, २ आणि ३ मीटरवर चुन्याच्या आडव्या रेघा ओढा, ट्रॅक्टरवर बसून पडद्यावर त्या जिथं दिसतात तिथं कडेला परमनंट मार्करनं खूण करा. आणि एकाला फाळक्याच्या उजव्या (ट्रॅक्टर चालवताना जी उजवी बाजू, त्या) कोपऱ्याला उभं करून हात हलवायला सांगा. तो पडद्यावरही उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसला तर मिररची सेटिंग उलटी आहे, ती आधी बदला.

कास्तकार अकोट

हे चुन्याचं बेस हाय. पण चुना ओढाच्या पयले मागचे दोन्ही लाल दिवे लागतात का ते पाहून घेजा भाऊ.