खोट्या नोटा छापणाऱ्याची गोष्ट सांगायचीय, कुणाची निवडू?

शाहूपुरीकर
मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा एक संध्याकाळ माझ्याकडे आलीय. विषय मीच मागून घेतला: खोटं चलन करणाऱ्या एखाद्याचं आयुष्य आणि त्याचे गुन्हे. समोर आपल्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतले भुसारवाले, कपिलतीर्थ मार्केटातल्या भाजीवाल्या मावशी आणि कॉलेजची पोरं असतील. वेळ पाऊण तास, त्यामुळे माणूस एकच घ्यायचा. "काय डोकं हाय गड्याचं" एवढंच म्हणत पोरं घरी जाऊ नयेत, ही मनापासून इच्छा. कोण सुचवाल?

सीमाभाग
तेलगी घ्या की! अब्दुल करीम तेलगी आपल्या शेजारच्या, बेळगावकडच्या खानापूरचा. रेल्वेत फळं विकणारा पोरगा, पुढं बनावट मुद्रांक छापून देशभर खपवले. 2001 साली अजमेरला सापडला, 2017 मध्ये कैदेत असतानाच बंगळुरूला वारला. नोटा नव्हेत, पण सरकारी छापच की तो. श्रोत्यांना गाव माहितीय, लगेच धरतील.

बिनखांबी
मला न्यूयॉर्कचा एमेरिक युटनर आवडतो. म्हातारा भंगार गोळा करायचा आणि घरातल्या छोट्या यंत्रावर एक डॉलरच्या नोटा छापायचा. 'वॉशिंग्टन'चं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं! एका दुकानात एकच नोट द्यायचा, पोटापुरतीच. 1938 पासून दहा वर्षं सापडला नाही. शिक्षा एक वर्ष एक दिवस आणि दंड एक डॉलर.

निवृत्त कॅशियर
शाहूपुरीकर, दोन्ही नावं चांगली आहेत, पण तेलगीची गोष्ट आपल्याकडं सगळ्यांना पाठ झालीय. आणि युटनर ऐकताना गोड वाटतो, पोरं त्याच्याच बाजूनं होतील. तुम्ही पोर्तुगालचा आर्तुर अल्वेस रेइस घ्या.

हा 1896 सालचा. ऑक्सफर्डची खोटी पदवी तयार करून अंगोलात, म्हणजे पोर्तुगालच्या तेव्हाच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, इंजिनिअर म्हणून गेला. 1924 मध्ये दुसऱ्याच एका प्रकरणात तुरुंगात असताना त्याला कल्पना सुचली: नोट खोटी कशाला करायची, नोटेची ऑर्डरच खोटी करू. बँक ऑफ पोर्तुगालच्या नावानं बनावट करारपत्र केलं आणि मध्यस्थांमार्फत लंडनच्या वॉटरलो कंपनीला दिलं. ही कंपनी त्या बँकेच्या नोटा छापतच होती. अंगोलासाठी गुप्तपणे छापायच्या, असं सांगितलं. तेच ठसे, तसाच कागद, 500 एस्कुदोची नोट आणि तिच्यावर वास्को द गामा! पहिल्याच खेपेत दोन लाख नोटा. त्या पैशातून त्यानं स्वतःची बँक काढली आणि बँक ऑफ पोर्तुगालचे शेअर गोळा करायला लागला. मालकी हातात आली तर तक्रार करणार कोण?

डिसेंबर 1925 मध्ये 'ओ सेक्युलो' या वर्तमानपत्रानं वाचा फोडली. पोर्तो शहरात एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा निघाल्या आणि खेळ संपला. तुरुंगातून 1945 ला सुटला, 1955 ला गरिबीत मेला.

आता तुमच्या मावशींसाठीचा भाग, यावर वेळ घालवा. खरी कुठली नि खोटी कुठली हे ओळखताच येईना, म्हणून बँकेनं त्या प्रकारच्या सगळ्या नोटा परत मागवून बदलून दिल्या. लोकांचं नुकसान बँकेनं सोसलं, मग वॉटरलोवर दावा लावला आणि 1932 मध्ये सहा लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळवली. आपल्याकडं काउंटरवर खोटी नोट निघाली तर तिच्यावर शिक्का बसतो, ती जप्त होते, पोचपावती मिळते, पैसे मात्र मिळत नाहीत. छापणारा कुठंतरी लांब असतो, बुडते ती शेवटी जिच्या हातात नोट आली ती बाई. दिवसभर मेथी विकून 500 ची नोट घेऊन आलेल्या बाईला हे सांगताना माझी जीभ अडखळायची.

शाहूपुरीकर
कॅशियरकाका, ठरलं, रेइसच. एक विचारू? मावशी नोट घेऊन बँकेत गेल्या तर पोलिसांचं लचांड मागं लागतं का? या भीतीनंच त्या ती दुसऱ्याला देऊन मोकळ्या होतात.

निवृत्त कॅशियर
हे भाषणात नक्की सांगा. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिनाअखेरच्या अहवालातून पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर बँकेला लगेच पोलिसांकडं जावं लागतं आणि गुन्हा दाखल होतो. पण खोटी आहे हे माहीत असून पुढं चालवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 179. पावती मात्र मागून घ्यायचीच.

बिनखांबी
काकांशी सहमत, युटनर मागे घेतो. शाहूपुरीकर, जाताना खिशात एक खरी 500 ची ठेवा. तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो, दोन्ही कडांच्या उभार रेघा बोटाला लागतात. मावशींच्या हातात फिरू दे.

शाहूपुरीकर
व्याख्यानाच्या सुरुवातीलाच फिरवतो. तारीख ठरली की इथंच टाकतो. कॅशियरकाका, तुम्ही पहिल्या रांगेत हवेत, बँकेचे प्रश्न तुमच्याकडं वळवणार.