लुपस अँटिकोएग्युलंट पॉझिटिव्ह आलाय, पण रक्त हेपॅरिन चालू असताना घेतलेलं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याकडचे. ताईची (वय ३४) डावी पोटरी अचानक सुजून दगडासारखी टणक झाली, आधी वाटलं केळीच्या बागेत पाय मुरगळला असेल, पण जळगावला डॉपलर केलं तर शिरेत गुठळी निघाली. लगेच ॲडमिट, पोटात हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं. तिचा आधी चौथ्या महिन्यात एक गर्भपात झालेला आहे, म्हणून डॉक्टरांनी अँटिफॉस्फोलिपिडच्या (गुठळ्या आणि गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटीबॉडीच्या) तपासण्या लिहून दिल्या.

रिपोर्ट असा: कार्डिओलिपिन आयजीजी १८, आयजीएम २४, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन निगेटिव्ह, लुपस अँटिकोएग्युलंट (याच अँटीबॉडी रक्त गोठण्याच्या वेळेवरून ओळखायची टेस्ट) 'प्रेझेंट'. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) पण वाढलेला.

आता दाजींचं म्हणणं, रक्त गोठायला वेळ लागतोय म्हणजे ते पातळच आहे ना, मग वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) कशाला, बंद करा. मी त्यांना परोपरीने सांगतेय की या अँटीबॉडी नळीत गोठण्याची टेस्ट लांबवतात पण शरीरात उलट गुठळ्या करतात, तरी पटत नाहीये. आई तर रोज ताईजवळ बसून "काय व्हयनं वं माय तुले" करत रडते. गोळ्या मी बंद होऊ देणार नाही, ते पक्कं.

माझी खरी अडचण वेगळी आहे. रक्त घेतलं तेव्हा इंजेक्शन चालू होतं आणि हेपॅरिनने लुपसची टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, एपीटीटी तर वाढतोच. कार्डिओलिपिनचे आकडे ४० च्या खाली, म्हणजे तेही ठाम नाहीत. निदानाला किमान १२ आठवड्यांनी परत तपासणी लागते, पण तेव्हा ताई वॉरफेरिनवर असेल आणि त्यानेही हीच टेस्ट गडबडते!! कार्डिओलिपिन आणि बीटा-टूवर या औषधांचा परिणाम होत नाही, ते करूच, प्रश्न लुपसचाच आहे.

कोणाच्या घरी असं झालंय का? तुमच्या डॉक्टरांनी दुसरी तपासणी कशी केली, वॉरफेरिन चालू ठेवूनच की काही दिवस इंजेक्शनवर आणून? आणि या टेस्टला प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) दोनदा यंत्रात फिरवून, बर्फासारखा गोठवून पाठवावा लागतो, आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री, सॅम्पल बाहेरगावी जाईपर्यंत काय होत असेल देव जाणे. जळगाव-धुळ्याकडे हे नीट होतं का की ताईलाच नाशिक-मुंबईला न्यावं? रक्तविकारतज्ज्ञ कोणी असतील तर प्लीज सांगा, तिला पुढे मूल हवंय.