कमी पाण्यात टाकीतलं शेवाळ कसं आवरता? मराठवाड्यातल्या मासे पाळणाऱ्यांचा अनुभव धागा

मार्च लागला की आपल्याकडच्या माशांच्या टाक्या हिरव्या पडायला लागतात. कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला: दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. तीन फुटी टाकीत शंभर लिटरच्या आसपास पाणी बसतं. ज्या घरात नळ आठवड्यातून एकदा येतो आणि प्यायला जार लागतो, तिथे पंचवीस-तीस लिटर दर आठवड्याला माशांसाठी काढायचं म्हणजे घरात भांडण.

शेवाळाला दोन गोष्टी लागतात: उजेड आणि खाद्य. खाद्य म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून पाण्यात साठणारं नायट्रेट नि फॉस्फेट. पाणी बदलणं हा ते बाहेर काढायचा एक मार्ग झाला. बाकीचे मार्ग कुणी कसे वापरले, ते इथे लिहा. पाणी कुठलं, लाइट किती तास, मासे किती, एवढं जरूर सांगा. नुसतं ‘अमुक औषध टाका’ नको.

छत्रपती संभाजीनगर (धागाकर्ता)
माझ्यापासून सुरुवात करतो. टाकी खिडकीसमोर नाही, खिडकी असलेल्या भिंतीलाच बाजूला लागून ठेवलीय, म्हणजे थेट ऊन काचेवर येत नाही. लाइट दुपारी चार ते रात्री दहा, सहाच तास. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि सोमवारी माशांना उपास. धडधाकट मोठ्या माशाला एक दिवसाच्या उपासाने काही होत नाही.

सगळ्यात जास्त गुण आला तो मनी प्लांटचा. वेल टाकीच्या मागच्या कडेला अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडली. मुळांचा पांढरा झुपका पार वाळूपर्यंत उतरला आणि काचेवरचा हिरवा थर धरायचा हळूहळू कमी झाला. पानं हवेत असल्यामुळे वेल भराभर वाढतो आणि तेवढंच नायट्रेट ओढून घेतो. पाणी आता पंधरवड्याला एक बादली काढतो. ती मोगऱ्याच्या कुंड्यांना जाते, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नाही.

लातूर
2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते आम्ही पाहिलंय, त्यामुळे पाणी बदला म्हणणाऱ्यांना हात जोडतो. पण एक गोष्ट सांगायची आहे. एप्रिल-मे मध्ये उघड्या टाकीची पातळी डोळ्यांदेखत उतरते. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. वरून बोअरचंच पाणी ओतत राहिलं की महिन्या-दोन महिन्यांत टाकीतलं पाणी मूळ बोअरपेक्षा जड होतं. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी किनार धरते ती त्याचीच खूण.

म्हणून घटलेलं पाणी भरून काढायला मी आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घेतो, आणि बदलायचं असेल तेव्हाच बोअरचं. वर काच झाकली की घटही कमी होते. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र टाकीत घालू नका. बोअरमधलं सगळं त्यात आणखी दाट होऊन आलेलं असतं.

परभणी
लातूरकरांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. आमचं बोअर गावाबाहेर, चारी बाजूंनी कापूस-सोयाबीन. पाणी बदललं की शेवाळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायचं. शेवटी थेंब टाकून तपासायचा किट आणला आणि टाकीच्या आधी बोअरचं पाणी तपासलं, तर नायट्रेटचा रंग थेट लाल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा 45 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, आमचं त्याच्या वर निघालं. शेतातलं खत झिरपून खाली जातं तेच हे. तेव्हापासून टाकीला नळाचं पाणी वापरते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकते. ते बोअरचं पाणी आम्ही प्यायचंही बंद केलं. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी माशांचं सोडा, आधी स्वतःसाठी पाणी तपासून घ्या.

हिंगोली
नवीन टाकी आहे, महिना झाला नाही. वाळूवर, काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतोय. काय टाकू?

छत्रपती संभाजीनगर
काही टाकू नका दादा. तो डायटमचा, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा थर, नव्या टाकीत येतोच. स्पंजने पुसा, काही आठवड्यांत आपोआप जातो. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको. क्लोरीनने त्यातले कामाचे जिवाणू मरतात.

नांदेड
माझ्याकडचं प्रकरण वेगळं होतं. वाळूवर गडद निळसर-हिरवा, बुळबुळीत पापुद्रा. बोटाने उचलला तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघायचा आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा हजर. वास कुजक्या चिखलाचा. हे खरं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया म्हणजे शेवाळासारखे उजेडावर वाढणारे जिवाणू आहेत. शेवाळ खाणारा मासा याला सहसा तोंड लावत नाही. त्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजनही वापरतात, त्यामुळे नायट्रेट शून्य असलेल्या टाकीतही ते फोफावतात.

मी आधी नळीने जमेल तेवढा ओढून काढला. मग लाइट बंद, टाकीवर चारी बाजूंनी घोंगडी, तीन दिवस पूर्ण अंधार. खाद्य बंद, एअर पंप मात्र रात्रंदिवस चालू. मेलेला थर कुजताना प्राणवायू ओढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तो आधीच कमी असतो. चौथ्या दिवशी घोंगडी काढून तळ उपसला आणि एकतृतीयांश पाणी बदललं. एवढं पाणी त्या दिवशी हवंच, आधी साठवून ठेवा. मग फिल्टरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवलं, कारण पाणी जिथे थबकतं तिथेच हा थर धरतो. काही जण प्रतिजैविक टाकतात. त्याने फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंनाही धोका असतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पाणीच पोपटी झालं असेल, म्हणजे तरंगतं शेवाळ, तर त्यावरही हा अंधार चालतो.

बीड
सकर माशाबद्दल कळकळीने लिहितोय. ‘शेवाळ खातो’ म्हणून बोटाएवढा विकतात. तो फूटभराच्या वर वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळापेक्षा दाण्यावर जास्त जगतो, आणि विष्ठा एवढी करतो की शेवाळाला खतच मिळतं. मग लोक तो बिंदुसरा नदीत नाहीतर तलावात सोडतात. कृपा करून सोडू नका. तो चिवट आहे, बाहेर जगतो आणि आपल्या स्थानिक माशांच्या जागेवर पसरतो. दुकानदाराला परत द्या.

जालना
मग शेवाळाला ठेवायचं काय, तर आपल्या जड पाण्यात मोली हा छोटा मासा उत्तम. मऊ हिरवं शेवाळ दिवसभर टिपत असते. काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांना नेराइट गोगलगाय. जड पाण्यात तिचं शंख चांगलं राहतं, आणि पांढरी अंडी घालत असली तरी गोड्या पाण्यात पिल्लं होत नाहीत, त्यामुळे संख्या वाढत नाही. टाकीत तांबं असलेलं औषध मात्र चुकूनही नको, गोगलगाय आणि कोळंबी दोन्ही मरतात.

लाइटच्या टायमरचंही बघा. चकतीचा साधा टायमर लोडशेडिंगमध्ये थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आमच्याकडे लाइट सरकत सरकत मध्यरात्री लागायला लागला होता. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या.

धाराशिव
काळी दाढी, म्हणजे फिल्टरच्या तोंडाला आणि अनुबियास या टाकीतल्या झाडाच्या पानांच्या कडांना येणारे काळे केस, कुणी घालवलेत का?

नांदेड
हो ताई. मेडिकलमध्ये मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. फिल्टर बंद करून सिरिंजने थेट केसांवर सोडायचं, दहा मिनिटांनी फिल्टर चालू. दर चार लिटर पाण्याला एक मिलीच्या वर मी जात नाही. एक-दोन दिवसांत केस लालसर पडतात, मग मासे खातात. मॉस आणि व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही, ती झाडं असतील तर केस आलेला दगड बाहेर काढून त्यावरच लावा. पानं फारच भरली असतील तर कापून टाका, अनुबियासला नवी फुटतात.