गर्भ गोठवण्याची कल्पना खरोखर कोलकात्याची आहे काय?

कोथरूडकर : माझ्या भावजयीवर पुण्यातील एका रुग्णालयात वंध्यत्वाचे उपचार सुरू आहेत. रोज रात्री आठच्या ठोक्याला पोटात टोचायच्या इंजेक्शनांचा डबा आमच्या फ्रिजच्या दारात, विरजणाच्या भांड्याशेजारी असतो. या महिन्यात गर्भ न सोडता ते गोठवायचे आणि पुढच्या पाळीनंतर गर्भाशयात सोडायचे, असे डॉक्टरांनी काल सांगितले. एक परिचित म्हणतात की, हे १९७८ मध्येच कोलकात्यात झाले होते. यात तथ्य किती?

मंगला_सहकारनगर : तथ्य आहे. डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी ‘दुर्गा’ ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, म्हणजे जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी असलेल्या इंग्लंडमधील लुईस ब्राउनच्या जन्मानंतर अवघ्या ७० दिवसांनी. तिकडे लुईसच्या वेळी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी नैसर्गिक पाळीतील एकच स्त्रीबीज पोटातून दुर्बिणीने काढले होते. मुखर्जींनी मात्र आधी संप्रेरके (हार्मोन्स) देऊन अनेक बीजे तयार करवली, ती योनिमार्गे काढली, आणि औषधांनी ढवळलेले गर्भाशय पूर्ववत होईपर्यंत गर्भ गोठवून ठेवले. तुमच्या भावजयीचा क्रम थोडाफार हाच आहे. सरकारी समितीने मात्र त्यांचा दावा नाकारला, जपानला जाण्याची परवानगी मिळाली नाही, पुढे नेत्ररोग संस्थेत बदली झाली (संप्रेरकांच्या अभ्यासकाला डोळ्यांच्या विभागात!) आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

जुना_प्रयोगशाळावाला : सहानुभूती आणि पुरावा यांत गल्लत नको. सविस्तर शोधनिबंधाअभावी अनेक वर्षे १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या मुलीलाच देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानले गेले, आणि ते त्या वेळी गैर नव्हते.

मंगला_सहकारनगर : मान्य, पण त्या मुंबईच्या प्रयोगात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह असलेले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची टिपणे तपासली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखर्जींना दिला. स्वतःच्या नावावरचा मान असा सोडणारा साक्षीदार मला तरी पुरेसा वाटतो.

जुना_प्रयोगशाळावाला : आनंद कुमारांपुढे माझा आक्षेप टिकत नाही. एवढेच जोडतो की, आज बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे अतिजलद गोठवण्याचे तंत्र पुष्कळ नंतरचे आहे; मुखर्जींची म्हणायची ती गोठवून थांबण्याची युक्ती.