शाळा पालक ग्रुप: सातवीच्या पोरांनी आखलेलं जेवण

सातवीच्या मॅडम: नमस्कार. आपल्या सातवीच्या पोषण गटानं शाळेतल्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता केला, त्याचा फोटो वर टाकला आहे. उद्या शाळा व्यवस्थापन समितीसमोर मुलं तो स्वतः मांडणार आहेत. त्याआधी तुम्ही वाचून मोकळेपणानं बोलावं म्हणून इथे टाकते आहे. मुलांनी नवीन पदार्थ फारसे सुचवलेले नाहीत. खिचडी, वरण-भात, मटकीची उसळ तशीच आहे. त्यांनी सुरुवात केली ती जेवणानंतरच्या बादलीपासून. उरलेला भात एका टोपल्यात, भाजी दुसऱ्यात, असं वेगळं करून काट्यावर तोललं. भात थोडाच निघाला. भोपळ्याच्या फोडी, पालकाचे देठ, टमाटरची सालं, हेच जास्त होतं.

गोलूची आई: मॅडम, आमचा गोलू घरीबी भाजी काढून ठेवते. शाळेचा काय दोष त्याच्यात?

सातवीच्या मॅडम: दोष कोणाचाच नाही, ताई. पण शासनाचा हिशोब पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. त्यातून लहान्यांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. भाजी ताटात वाढली आणि तिथून बादलीत गेली, तर रजिस्टरमध्ये ती खाल्लेली दिसते, पोटात मात्र नसते. मुलांच्या हे लक्षात आलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुकानवाले भाऊ: काटा माया दुकानातलाच नेला होता. पोट्ट्याईनं टोपल्याचं वजन वजा करून बरोबर लिहून काढलं. मॅडम, एका लेकरामागं पैसे किती भेटते?

सातवीच्या मॅडम: मे २०२५ पासून रोजचे पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं त्यातच. तांदूळ वेगळा मिळतो.

पायलचे बाबा: एवढ्यात भाजी बाजारभावानं घ्यायची म्हणजे कठीणच हाय. दिवाळीआधी मेथीची जुडी काय भावानं जाते ते आपल्याले मालूम हाय.

स्वयंपाकीण काकू: पोरं माह्याजवळ चुलीपाशी येऊन बसले होते. इचारलं, काकू, फोडी एवढ्या मोठ्या काहून? मंग मी सांगतलं, आमी दोघी जणी हावो. गंज (मोठं पातेलं) चढवा, तांदूळ निवडा, पाणी भरा, अन् घंटी तं येळेवर होतेच. बारीक चिराले दोघीले अर्धा-पाऊण घंटा जास्त लागते. बारीक चिरली तं पोरं खाते, हे मलेबी दिसते. पण येळ कुठून आणू?

सातवीच्या मॅडम: काकूंचं हे उत्तर मुलांनी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं आहे. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं पान ते आहे. त्यातूनच पुढची गोष्ट निघाली, चिरावी लागणार नाही अशी भाजी कोणती? पायलनं सांगितलं, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला. काडीवरून ओरबाडला की झालं.

पायलचे बाबा: तिनं आजीले इचारलं होतं. आजीनं तरोटा, घोळ, अंबाडी, चिवळ, मुनगा अशी मोठी यादी सांगतली. मुनगा तं गावात घरोघरी हाय. आपण शेंगा खातो अन् पाला बकरीले टाकतो.

आशाताई: पाल्यात लोह हाय, कॅल्शियम हाय, डोळ्यासाठी लागते ते अ जीवनसत्त्वबी हाय. आठवीतल्या पोरीईच्या अंगात रक्त कमी असते, हे मी तपासणीच्या येळी पाहते. पण एक ध्यानात ठेवा. पाल्यातलं अन् डाळीतलं लोह अंगाले कमीच लागते. त्याच्यावर लिंबू पिळलं तं जास्त लागते. अन् जेवणाबरोबर नाई तं जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तं उलटं होते. सकाळी नुसता चहा-टोस खाऊन येणारे लेकरं पुष्कळ हायत. दर आठवड्याची लोहाची निळी गोळीबी चुकवू देऊ नका. लहान्याईची गुलाबी असते.

गोलूची आई: लिंबू आमच्या झाडाचे देईन. सध्या खूब लागले.

निवृत्त गुरुजी: तक्ता वाचला. मुलांनी काम नेटकं केलं आहे. १९९५ साली शाळेतल्या जेवणाची ही योजना आली तेव्हा आम्ही शाळेत तांदूळ तोलून वाटायचो. हजेरी भरली की महिन्याला ३ किलो, घरी न्यायचा. तो लेकराच्या पोटात गेला की घरच्या डब्यात, कोण पाहणार? सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला. त्यानंतर चूल शाळेत आली. तेव्हा आम्ही फक्त किती शिजलं ते मोजत होतो. किती खाल्लं ते ही मुलं मोजत आहेत, हे मला आवडलं. पण माझे दोन आक्षेप आहेत. तक्त्याच्या खाली ‘भाजी चिरायला मुलांची पाळी’ असं लिहिलं आहे, ते खोडा. लेकरांच्या हाती विळा-सुरी नको, चुलीजवळही नको. त्यांचं काम पाहण्याचं, मोजण्याचं, विचारण्याचं. राबायचं मोठ्यांनी.

सातवीच्या मॅडम: गुरुजी, मान्य. ते मुलांनी हौसेनं लिहिलं होतं, आज काढून टाकते. दुसरा आक्षेप?

निवृत्त गुरुजी: दुसरा जास्त गंभीर आहे. घोळ, तरोटा, चिवळ हे सगळं लोक वावरातून आणतील. पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी चालू असते. बांधावरच्या भाजीवर औषधाचा वारा जातोच. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकऱ्यांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. धुतल्यानं सगळं औषध जाईल याचा भरवसा नाही. शंभर लेकरांच्या गंजात एक टोपली तशी पडली तर?

पायलचे बाबा: गुरुजी बरोबर बोलले. माया मनात हे आलंच नव्हतं. वावरातलं काहीच नको. आंगणातलं अन् परसबागेतलं तेवढंच. आंगणातबी ज्याचं झाड पऱ्हाटीला लागून हाय त्यानं देऊ नये.

सातवीच्या मॅडम: मग तरोटा आणि घोळ तक्त्यातून काढू. मुलांना कारण नीट समजावून सांगेन, नाहीतर त्यांना वाटेल मोठ्यांना रानभाजी नको आहे. परसबागेत अंबाडी, चवळी आणि पालक आपणच लावू. चौथी-पाचवीच्या मुलांना पाणी घालायला आवडेल.

माळकरी दादा: तक्त्यात शुक्रवारी अंडं दिसते. आमच्या घरी माळ हाय. आमच्या दोघाई पोराईचं काय?

सातवीच्या मॅडम: दादा, गटानं त्यासाठी घरोघरी चिठ्ठी पाठवली होती, तुमचीही आली आहे. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्यासाठी केळी किंवा फल्लीदाणे-गुळाचा लाडू. लाडू सगळ्यांनाच आवडतो, तेव्हा तुमची मुलं वेगळी पडल्यासारखी वाटणार नाहीत. वाढताना अंड्याचं आणि लाडवाचं भांडं वेगळं ठेवू.

माळकरी दादा: मंग माझं काई म्हणणं नाई. फल्लीदाणे दोन किलो माझ्याकडून.

दुकानवाले भाऊ: अंड्याचे पैसे सरकार देते ना?

सातवीच्या मॅडम: नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा मिळत होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. आता द्यायचं तर लोकसहभागातून, असं शासनाचं म्हणणं आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे लहान मुलाच्या ठरलेल्या १२ ग्रॅमपैकी अर्धी. म्हणून मुलांनी ते सोडलं नाही. मलाही ते सुटू नये असं मनापासून वाटतं. ज्या लेकराच्या घरी अंडं क्वचितच दिसतं, त्याला आठवड्यात एक मिळणं ही लहान गोष्ट नाही.

सरपंचकाकू: वाढदिवसाले पोरं चॉकलेट वाटते. त्याच्याऐवजी ज्याच्या घरी वाढदिवस त्यानं त्या शुक्रवारची अंडी द्यावी. ज्याले पूर्ण झेपत नाही त्यानं दोघातिघाईत मिळून द्यावी. कोणाचं नाव फळ्यावर लिहू नका, नाई तं ज्याले जमलं नाही त्याचं लेकरू खाली पाहते. उरलेल्या शुक्रवारचं मी ग्रामसभेत मांडतो.

पायलचे बाबा: नाव लिहू नका हे लय चांगलं सांगतलं काकू.

आठवीच्या पोराचा मामा: बाकी सगळं ठीक. पण शाळेसमोर पाच रुपयाचे कुरकुरीचे पुडे भेटते तोवर पोरं वरण कायले खाईल?

दुकानवाले भाऊ: हे मले उद्देशून हाय, समजलं. पोरं मायाकडंबी आले होते वही घेऊन. कोणता पुडा किती जाते, इचारलं. मी खरं सांगतलं. मधल्या सुट्टीच्या आधी सगळ्यात जास्त जाते, म्हणजे जेवणाच्या आधीच पोट भरते. मी पुडे पूर्ण बंद करू शकत नाही, त्याच्यावर घर चालते. पण दोन गोष्टी करतो. फुटाणे, फल्लीपट्टी अन् बोरं समोर ठेवतो, पुडे मागं. अन् जेवणाची सुट्टी होईपर्यंत शाळेच्या गणवेशातल्या पोराले पुडा देत नाही. बाकी तुमी घरून रोज पाच रुपये द्याचं कमी करा.

गोलूची आई: आमी बंद करतो भाऊ. गोलू रडन दोन दिवस.

आशाताई: दुकानवाल्या भाऊंचे आभार. हे कोणत्या गोळीनं होत नाही.

सातवीच्या मॅडम: भाऊ, हे मी उद्या मुलांनाच सांगणार आहे. वही घेऊन दुकानात जायला ती घाबरत होती.

स्वयंपाकीण काकू: आता माहं ऐका. मुनगा वरणात टाकाचा तं कोवळा पाला पाह्यजे. जून पाला कडू लागते, अन् एकदा कडू लागला की पोरं महिनाभर हात लावत नाही. मी तो तेलात लसणासंगं परतून मंग वरणात घालीन. पहिल्यांदा थोडाच, पोरं खाते का पाहून वाढवू. पाला काडीवरून काढून, निवडून, दोनदा धुऊन आणा, ते माह्यावर नका टाकू.

सरपंचकाकू: बचत गटाच्या बायका निवडून देतील. सोमवार अन् गुरुवारची पाळी मी लावतो. भोपळा अन् पालक चिरायलेबी त्या दिवशी दोघी येतील.

सातवीच्या मॅडम: आणि त्या दोन दिवशी मुलं बादली पुन्हा तोलतील. भाजी कमी उरली तर तसंच चालू ठेवू, नाही उरली कमी तर काकूंना विचारून बदलू.

स्वयंपाकीण काकू: पाला सकाळी नवाच्या आत पाह्यजे. त्याच्यानंतर आला तं त्या दिवशी टाकत नाही, वरण उतरवल्यावर कच्चा पाला घालून देणार नाही मी. अन् सांबार (कोथिंबीर) कोणाच्या घरी असन तं तोबी पाठवा, खिचडीवर टाकाले.