मदत हवी आहे : गेममधलं ‘चऱ्हाट’ तुटून दिसतंय. इंजिन बदलू का?

पांदणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

अडीच वर्षांपासून एक ॲडव्हेंचर गेम करतोय. एकटाच. आता अशा ठिकाणी अडलोय की पुढचं पाऊल चुकलं तर बरंचसं काम पुन्हा करावं लागेल, म्हणून आधी विचारतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला. घरची शेती, कापूस आणि तूर. पंपाची लाईन रात्रीची असली की ओलितावर जातो, नसली की लॅपटॉप उघडतो. या खेळांचं वेड अमरावतीला होस्टेलवर लागलं. रूममेटच्या कम्प्युटरवर स्कमव्हीएम (जुने ॲडव्हेंचर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) होतं, त्यावर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ खेळलो. १९९४ चा गेम, २००३ पासून फुकट मिळतो. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन महिनाभर पुरवला. बघायचं, लोकांशी बोलायचं, वस्तू उचलायची, कोणती कुठे कामी येईल याचा विचार करायचा. माझी आजी गोष्ट सांगताना मधेच थांबायची आणि विचारायची, “आता तू असता तं काय केलं असतं?” तसाच हा प्रकार वाटला. असा एक गेम आपल्या बोलीत असला पाहिजे, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

गेम तान्ह्या पोळ्याचा आहे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात आणि घरोघरी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. गेममधल्या पोरीच्या आज्याने केलेल्या लाकडी नंदीचं एक चाक हरवलंय. चाक, चऱ्हाट, बेगड, झूल जमवता जमवता ती गाव पालथं घालते. सुताराचं घर, जिनिंग, शकुंतला रेल्वेचं बंद स्टेशन (मूर्तिजापूर–यवतमाळची ही नॅरोगेज आमच्या दारव्ह्यावरून जायची), आणि शेवटी मळ्यातली विहीर. चौदा रूम, म्हणजे गेममधली ठिकाणं, काढून झाल्या आहेत. चित्रं कागदावर काढून मोबाईलने स्कॅन करतो, मग रंगवतो.

इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतोय ते, आहे ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस. क्रिस जोन्स यांनी १९९७ मध्ये पहिलं काढलं, २०११ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला. हलकं आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतं, आणि अशा खेळांसाठीच बनवलेलं असल्यामुळे चालणं, बोलणं, झोळीतल्या वस्तू, सगळं तयार मिळतं.

आता प्रश्न. आतापर्यंत संवाद इंग्रजी लिपीत टाकत होतो, मराठी शेवटी करू म्हणून. एजीएसच्या ३.६ आवृत्तीत युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आलं तसं सेटिंग बदललं, देवनागरी फॉन्ट घातला. अक्षरांच्या जागी दिसणारे चौकोन गेले, अक्षरं आली, पण मोडलेली. ‘विहीर’मधली पहिली वेलांटी व च्या आधी न येता नंतर जाऊन पडते. जोडाक्षरं जुळतच नाहीत, पाय मोडलेला हलंत तसाच दिसतो. ‘चऱ्हाट’चे तर तुकडेच. पाचवीतल्या भाचीला दाखवलं, ती म्हणाली, “मामा, हे चुकीचं लिहिलं हाय.” ज्या पोरांसाठी करतोय त्यांच्यापुढे मोडकी मराठी ठेवायची नाही, एवढं पक्कं आहे.

तर एजीएसमध्येच काही उपाय आहे का? की दुसरीकडे जाऊ? गेलो तर चौदा रूमचं काय?

दुसरा प्रश्न कोड्याचा. चाक एका बादलीत आहे, ती बादली विहिरीत पडलीय. पोरीने गळ दोरीला बांधून सोडायचा आणि बादली वर काढायची. गळ तिला पहिल्याच रूममध्ये मिळतो. गावातल्या पोरांना खेळायला दिलं, एकानेही विचारलं नाही. पुण्याचा मित्र दोन संध्याकाळी अडून बसला. त्याला गळ म्हणजे मासे पकडायचा आकडा एवढंच माहीत. विहिरीतली बादली काढायचा तीन-चार आकड्यांचा लोखंडी गळ त्याने कधी पाहिलाच नव्हता.

हे माझ्यासोबत झालेलं आहे, म्हणून जास्त लागलं. ‘मंकी आयलंड २’ (१९९१) मध्ये एक पंप बंद करायचा असतो आणि त्यासाठी चक्क माकड वापरायचं असतं, कारण इंग्रजीत एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. आमच्याकडे पान्याला पाना म्हणतात. मला ते सुचणं शक्यच नव्हतं. आठ दिवस वाटत होतं की आपल्यालाच डोकं कमी आहे. माझ्या गेममुळे कोणाला असं वाटू नये.

तिसरी खिडकी

पांदणवाट, आधी अक्षरांचं. तुमचं काही चुकलेलं नाही. युनिकोड मिळणं आणि देवनागरी जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलमध्ये ‘वि’ हा आधी व आणि मग वेलांटी असाच साठवतात. पडद्यावर मात्र वेलांटी आधी रंगवावी लागते. ‘क्ष’ हा क, हलंत आणि ष असा साठवलेला असतो, त्या तिघांच्या जागी एक आकृती बसवायची असते. हे नियम फॉन्टच्या पोटात असतात, पण ते वाचून अमलात आणणारा भाग प्रोग्रॅममध्ये लागतो. त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये तो असतो म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. एजीएस एकेक अक्षर उचलून ओळीत मांडतं, त्यामुळे फॉन्ट कितीही बदललात तरी हेच होणार.

गोडो इंजिनात २०२३ च्या मार्चमध्ये आलेल्या ४.० पासून हे शेपिंग आहे. ३ च्या मालिकेत नाही, तेव्हा जुनी आवृत्ती उतरवू नका. पॉइंट-अँड-क्लिकसाठी, म्हणजे माउसने क्लिक करत खेळायच्या अशा खेळांसाठी, त्यात ‘पोपोचिऊ’ नावाचं फुकट प्लगिन (इंजिनाला जोडायचा जादा भाग) आहे, त्यात रूम, पात्रं, झोळी अशी तुमच्या ओळखीची मांडणी मिळेल. लॅपटॉप जुना आहे म्हणालात, तर प्रोजेक्ट उघडताना ‘कम्पॅटिबिलिटी’ रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवण्याची हलकी पद्धत) निवडा.

स्क्रिप्ट, म्हणजे गेमचा कोड, पुन्हा लिहावी लागेल, त्यातून सुटका नाही. पण चित्रं तुमचीच आहेत, ती जशीच्या तशी जातील. संवादही वाचतील. एजीएसमध्ये नवं भाषांतर तयार करा असा पर्याय आहे ना, तो गेममधलं प्रत्येक वाक्य एका टीआरएस फाइलमध्ये काढून देतो. साधी मजकुराची फाइल असते. त्यातच मराठी भरा आणि तीच पुढे न्या. अडीच वर्षांतलं खरं काम चित्रांत, कोड्यांत आणि बोलण्यात आहे. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा लिहिताना वेळ पुष्कळ कमी लागतो, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते.

खिळेजुळणी

मी इथे तालुक्याला लग्नपत्रिका आणि बॅनरचं डीटीपी करतो. भाऊ, इंजिन सोडायच्या आधी एक जुना रस्ता सांगून ठेवतो. कृतिदेवसारखे युनिकोडच्या आधीचे फॉन्ट असतात, त्यात वेलांटी आधीच टाईप करावी लागते, अर्धी अक्षरं वेगळी असतात. म्हणजे जुळणी टाईप करणाराच करतो, प्रोग्रॅमला काही करावं लागत नाही. त्यामुळे एजीएसमध्ये ओळ बरीचशी नीट दिसायला हवी.

अडचण वेगळी आहे. कृतिदेवमध्ये अर्धा ख चौकटी कंसाच्या बटणावर आहे, आणि एजीएस तो कंस दिसला की ओळ तोडतं. म्हणजे खारीक म्हटलं की नवी ओळ, खोली म्हटलं की नवी ओळ. प्रत्येक ख पाशी राखण करावी लागेल. शिवाय हा मजकूर उद्या दुसरीकडे न्यायचा तर रूपांतर करून प्रत्येक ओळ तपासावी लागते. पत्रिकांमध्ये हे मी रोज भोगतो. दोन-चार पाट्या असत्या तर म्हटलं असतं करा. अख्ख्या गेमसाठी नका करू. पाट्या मात्र चित्रातच रंगवा, स्टेशनची, जिनिंगची. त्या हाताने लिहिलेल्याच शोभतात.

आणखी एक. ‘चऱ्हाट’ टाईप करताना खालच्या टिंबाचा ऱ घ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र चं बटण. साधा र घेऊन हलंत दिला तर रफार होऊन ‘चर्हाट’ असं दिसेल आणि मग इंजिनाला बोल लावाल. वऱ्हाड, दुसऱ्या, साऱ्या, सगळीकडे हेच.

पांदणवाट

ऱ चं ऐकून फाइल उघडली. अर्ध्या ठिकाणी टिंबाचा आहे, अर्ध्या ठिकाणी साधा. मोबाईलवर लिहिलेलं एक, लॅपटॉपवर लिहिलेलं दुसरं. मोठं काम वाचवलंत दादा.

ताई, एक शंका. माझी चित्रं लहान आहेत, ३२० बाय २०० पिक्सेल. तेवढ्यात मराठी ओळ बसवायची तर मात्रा आणि उकार एकमेकांवर चढतात.

तिसरी खिडकी

चढणारच. देवनागरीला वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर, अशी उंची लागते. चित्रं लहानच ठेवा, त्यांचा ठोकळेपणा छान वाटतो, पण मजकूर त्या मापात रंगवू नका. गोडोच्या सेटिंगमध्ये स्ट्रेच मोड ‘कॅनव्हास आयटम्स’ ठेवा, ‘व्ह्यूपोर्ट’ नको. मग चित्र ताणलं जातं, पण अक्षरं खिडकीच्या खऱ्या मापात उमटतात. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता घ्या, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत वाटता येतात.

ओसरीवरचा खेळ

कोड्याबद्दल मी बोलतो. मी कोडी रचत नाही, पण तीस-चाळीस असे खेळ खेळलोय.

तुमचं कोडं उत्तम आहे. फक्त त्याचं ज्ञान गेमच्या बाहेर राहिलंय. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये, ‘मंकी आयलंड’ येण्याच्या आधी, ॲडव्हेंचर खेळांच्या चुकांवर लेख लिहिला होता. त्यात एक मुद्दा असा की कुलूप आधी दिसलं पाहिजे, किल्ली नंतर. तुमच्याकडे उलटं झालंय. गळ पहिल्या रूममध्ये, विहीर शेवटी. मित्राने गळ उचलला तेव्हा त्याला तो कशाला हवा हेच ठाऊक नव्हतं, आणि विहिरीपाशी पोचेपर्यंत झोळीत दहा वस्तू झाल्या असतील.

विहीर लवकर दाखवा. पोरीने वाकून बघावं, बादली दिसावी, हात पुरू नये. मग शेजारच्या अंगणात कोणी बाई गळाने स्वतःची कळशी काढताना दिसू दे. काही समजावून सांगू नका, नुसतं दिसू दे. गावातल्या पोरांना ते आपलंच अंगण वाटेल आणि पुण्याच्या माणसाला उत्तर मिळेल.

मित्राने अडल्यावर काय काय करून पाहिलं ते विचारलंत का? तेच खरं सोनं असतं.

पांदणवाट

विचारलं. त्याने चऱ्हाटाला विळा बांधून सोडला. गेम म्हणाला, “असं जमणार नाही.” बारा वेळा तेच.

ओसरीवरचा खेळ

मग त्या बाराही वेळा तो बरोबर विचार करत होता! विळ्याला वाक आहे, दोरी आहे, बादलीला कडी आहे. एकतर ते उत्तर माना, नाहीतर का जमत नाही ते पोरीच्या तोंडून सांगा. ‘जमणार नाही’ हे वाक्य गेममधून काढूनच टाका.

आणि हेही तपासा, की कुठलीही वस्तू चुकीच्या जागी खर्च झाली तर गेम कायमचा अडतो का? जुन्या कित्येक खेळांत हे व्हायचं, दोन तास पुढे जाऊन कळायचं की सुरुवातीलाच एक वस्तू गमावली होती. खेळणाऱ्याचा विश्वास त्याच क्षणी जातो.

पांदणवाट

अडतो. सरकी ढेपेचा एक तुकडा आहे. तो बकरीला चारला तर फाटकातला बैल हलवायला काहीच उरत नाही. हे माझ्या लक्षात होतं, पण ‘बकरीला कोण चारेल’ म्हणून सोडून दिलं होतं. आता तुकड्याऐवजी गोठ्यात ढेपेचं पोतं ठेवतो, पाहिजे तितक्या वेळा घ्या.

निंबाखाली

वेगळं मत मांडू का? बोली सोपी करत बसू नका. गळ, चऱ्हाट, बोजारा, असेच राहू द्या, कंसात अर्थ नको. मी अकोल्याची, माझी मुलं ठाण्यात वाढली. त्यांना आजोळचा एखादा शब्द कळला नाही की ती फोन करून विचारतात, आणि त्या निमित्ताने आजी-नातवंडं अर्धा तास बोलतात. गेममध्ये वस्तू दिसतेच आहे, नाव आपोआप चिकटेल.

एक विचारायचं होतं. टाईप करून हुकूम द्यायचे जुने खेळ असतात, तसा मराठीत करता येईल का?

तिसरी खिडकी

क्राउदर आणि वुड्स यांचा १९७० च्या दशकातला पहिला ‘ॲडव्हेंचर’ दोन शब्दांचे हुकूम घ्यायचा, क्रियापद आणि नाम. इंग्रजीत नाम बदलत नाही म्हणून ते सोपं गेलं. आपल्याकडे विहीर आहे पण ‘विहिरीत’, कंदील आहे पण ‘कंदिलाने’. विभक्ती लागली की मूळ शब्दच वाकतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलतं. प्रत्येक वस्तूची सगळी रूपं यादीत घालावी लागतील, त्यात वऱ्हाडी ‘विहिरीले’ वेगळंच. वीस वस्तूंच्या गेमला हाताने जमेल. करून पाहण्यासारखं आहे, पण वेगळा धागा काढा, त्यावर खूप बोलता येईल.

पांदणवाट

चार दिवसांनी लिहितोय, मधे फवारणी होती.

गोडो उतरवलं, फोनच्या नेटवरून एका रात्रीत आलं. कम्पॅटिबिलिटीवर लॅपटॉप तग धरतो, पंखा जोरात फिरतो एवढंच. एक रिकामी रूम केली, विहिरीचं चित्र मागे लावलं आणि एक ओळ लिहिली : “काहून वं पोरी, चऱ्हाट कोठी ठेवलं?” सगळं जागच्या जागी. ऱ्हा सुद्धा. भाचीने मोठ्याने वाचलं आणि लगेच उत्तर दिलं, “मले का माहीत!” तेच आता गेममधल्या पोरीचं उत्तर असणार आहे.

एजीएसमधून टीआरएस काढली. सहाशेच्या वर ओळी आहेत, आज ऐंशी झाल्या. विळ्याचं उत्तर मान्य केलंय, पण त्या रस्त्याने गेलं तर बादली वर येताना तिरपी होते आणि चाक काठाच्या कपारीत पडतं, तिथून ते वेगळं काढावं लागतं. गळाने आणलं तर सरळ हातात.

आता फक्त एवढंच अडलंय : पोपोचिऊमध्ये पात्राच्या डोक्यावरचा संवाद लांब असला की ओळ शब्दाच्या मधे तुटते की शब्दानंतर, ते कुठे ठरवायचं? कोणी वापरलं असेल तर सांगा. आणि पुण्या-मुंबईकडचे, ज्यांनी विहिरीचा गळ कधी पाहिला नाही असे दोन-तीन जण पोळ्याच्या आधी खेळून बघायला तयार असतील, तर इथेच कळवा.