22 फुटी शिडाची बोट मुरुड-जयगडला पुरेल का?

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. दोन सीझन मांडव्याच्या बाजूला शिडाची बोट चालवायला शिकलो. आता एक जुनी 22 फुटी फायबरची मिळतेय. कील (बोटीच्या बुडाखालचं पातं) वर उचलता येतो, केबिनमध्ये दोघं आडवे होतात, उभं मात्र राहता येत नाही. दिवाळीनंतर मी आणि मेहुणा मुरुडपर्यंत, जमलं तर जयगडपर्यंत जाऊ म्हणतोय. ओळखीचे एक काका म्हणाले, 30 फुटांखाली क्रूझिंगचं, म्हणजे मुक्काम करत लांब जायचं, नाव काढू नका. खरंय का?

सागवानी:
काकांना ‘सुहैली’ची आठवण करून द्या. आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली बोट. 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिच्यातून एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले.

खारघरवाला:
ती 32 फुटी होती हो. काकाच जिंकले!

भांगाची_भरती:
ऐरोलीकर, मी आठ वर्षं 23 फुटी वापरतोय. बोट पुरते. हिशेब वेगळाच चुकतो.

तुमची 22 फुटी पाण्यावर 18 फूट टेकत असेल, तर फार तर साडेपाच नॉटनं (तासाला तेवढे सागरी मैल) जाते. तुम्ही 4 धरा. मुंबई बंदरातून मुरुड साधारण 40 सागरी मैल, म्हणजे 10 तास. उजेडात पोचायचं तर पहाटे निघा, नाहीतर मध्ये मुक्काम करा. अंधारात कोळ्यांच्या डोल जाळ्यांच्या दोऱ्या दिसत नाहीत आणि आउटबोर्ड इंजिनाचा पंखा त्यांना बरोबर शोधून काढतो.

दुसरं, वारा. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, माणूस खूश. परतताना तोच तोंडावर. आखूड, हलकी बोट अशा लाटांत ठेचकाळते. पुढे चार हात, मागे दोन. म्हणून परतीला पहाटेचा मतलई धरायचा, किनाऱ्याच्या जवळून उत्तरेला यायचं आणि अकरा-बाराला नांगर टाकून मोकळं व्हायचं. जाताना दोन दिवस लागले तर येताना तीन ठेवा. सोमवारी ऑफिस गाठायचंच म्हणून निघालात की मोठी बोटही अपुरी पडते.

मुरुडसाठी घ्याच. जयगड या वर्षी नको.

नेरूळची_ताई:
उचलता येणारा कील असेल तर आपल्या खाडीत सोनं समजा. उधाणाला पाणी 4 मीटरहून जास्त वरखाली होतं. आमची फिक्स कीलची एकदा ओहोटीला गाळात कलंडली आणि सहा तास आम्ही तिरके बसून पोहे खाल्ले. फक्त कीलची वायर आणि ती गुंडाळायचा विंच आधी तपासा, जुन्या बोटीत तिथेच खर्च निघतो.

आणि ऐरोलीत ठेवायचा विचार असेल तर सोडा. वाशीच्या पुलांखालून डोलकाठी जाते का, हे भरतीच्या पाण्याला मोजायला हवं. दर वेळी काठी पाडून परत उभी करायचा आठवड्यातच कंटाळा येईल.

ऐरोलीकर:
धन्यवाद ताई, दादा. विंचचं डोक्यातच नव्हतं. पाणी किती न्यावं? आणि... संडासचं काय करता?

भांगाची_भरती:
माणशी रोज 4 लिटर प्यायला, वर दोन दिवसांचं जास्तीचं. दुसऱ्या प्रश्नाला झाकणाची बादली. मेहुण्याला आधीच सांगा, नंतर नातं बिघडतं.

खारघरवाला:
मेहुणा रद्द झाला तर मी येतो. बादली माझी.